सेरी, शेली आणि आम्ही

मराठी विनोदी लेखकांवर इंग्रज कवी शेलीचे फार उपकार आहेत. खेड्यातला कुठलाही मास्तर त्याला एकदा 'शेळी' म्हणाला की लेखकाचा एक परिच्छेद निघून जातो. आमच्या गडचिरोली जिल्ह्यातल्या कुरखेड्यात हा विनोद होत नाही. आमची अभिरुची थोर आहे म्हणून नव्हे. आमच्या झाडीबोलीत शेळीला 'सेरी' म्हणतात, म्हणून. ण, ळ, श, ष या मंडळींवाचून आमचं काही अडत नाही. पाणी म्हणजे पानी, डोळा म्हणजे डोरा आणि शाळा म्हणजे सारा. ळ गेला तिथं र बसला, त्यामुळे र ची आमच्याकडे कायमची चंगळ. डॉ. हरिश्चंद्र बोरकरांसारख्या अभ्यासकानं या बोलीसाठी आयुष्य घातलं. आम्ही मात्र सारेत गेल्याबरोबर ती लपवायला शिकलो, आणि ती नीट लपायच्या आतच बी.ए.ला इंग्रजी साहित्य घेतलं.

इंग्रजी ही भारतीय मुलांची दुसरी भाषा, असं पुस्तकांच्या प्रस्तावनेत छापलेलं असतं. माझ्या बाकावर तिचा नंबर सहावा होता. शेजारी बसणारा मित्र घरी गोंडी बोलायचा, बाजारात झाडी, सरांशी पुस्तकातली मराठी, मोबाइलवर हिंदी, आणि कोरचीकडचे पाहुणे आले की छत्तीसगडी. एवढ्या गर्दीतून वाट काढत इंग्रजी त्याच्यापर्यंत पोहोचायची तेव्हा ती बिचारी दमलेली असायची. तो तिला फार त्रास देत नसे.

मग आम्ही हा विषय घेतला तरी का? गैरसमजातून. प्रत्येक घराची समजूत अशी होती, की इंग्लिश लिटरेचर घेतलं म्हणजे पोरगा इंग्रजी बोलू लागतो. प्रत्यक्षात तो मराठीतून शिकवला जाणारा सगळ्यात अवघड विषय आहे. सर एक ओळ इंग्रजीत वाचत, तिचा अर्थ मराठीत सांगत, मागच्या बाकावरचा कोणी तो झाडीत करून शेजाऱ्याला देई, आणि शेजारी मान हलवी. तोवर मूळ ओळ वडशाच्या पुढे निघून गेलेली असे. आमच्याकडे काहीही दूर गेलं की वडशापर्यंतच मोजतात. कितीतरी वर्षं अख्ख्या गडचिरोली जिल्ह्याचं रेल्वे स्टेशन म्हणजे ते एवढंच.

पहिल्या वर्षी लेखनकौशल्याच्या पेपरात प्रश्न आला: रेल्वे स्टेशनवर दोन मित्रांची भेट होते, संवाद लिहा. वर्गातल्या निम्म्यांनी आगगाडी सिनेमातच पाहिली होती. माझ्या मित्रानं दोन्ही मित्रांना स्टेशनवरून पहिल्याच वाक्यात बस स्टँडवर आणलं आणि पुढचा संवाद कुरखेड्याची एस.टी. लागली का, या एकाच विषयावर दीड पान चालवला. दुसऱ्या वर्षी निबंध होता प्राणिसंग्रहालयाला दिलेल्या भेटीवर. आता, तिकीट काढून वाघ बघायला जायची आमच्या भागात पद्धत नाही. उलट वाघच अधूनमधून भेट देऊन जातो. एकानं नेमकं तसंच लिहिलं: वाघ संध्याकाळी आला, त्यानं गोठा पाहिला, गोऱ्हा पाहिला, आणि गेला. जाताना गोऱ्हा घेऊन गेला. व्याकरणाची एकच चूक होती, पण मार्क चार मिळाले, कारण विषयांतर.

या असल्या जोखमीपेक्षा गाईड बरं. कॅक्स्टननं १४७६ साली इंग्लंडात छापखाना काढला असं साहित्याच्या इतिहासात आहे. आमच्यापुरता तो इतिहास झेरॉक्सच्या दुकानापासून सुरू होतो. कोणा वरच्या वर्गातल्या मुलीनं कोणे एके काळी लिहिलेल्या नोट्सची झेरॉक्स, तिची झेरॉक्स, आणि तिचीही. चौथ्या पिढीपर्यंत मार्जिनकडची अक्षरं गळालेली असत. हार्डीच्या नायिकेचं नाव 'टेस' आहे, हे मला परीक्षेनंतर कळलं. आमच्या प्रतीत ती फक्त 'एस' होती. मी तिच्यावर आठ मार्कांचं उत्तर त्याच नावानं लिहिलं होतं आणि ते पेपर तपासणाऱ्यालाही खटकलं नव्हतं. बहुधा त्यांच्याकडेही तीच झेरॉक्स असावी.

गाईडवाल्यांना लोक उगाच नावं ठेवतात. त्यांचं घराणं मोठं आहे. लॉर्ड मॅकॉलेनं १८३५ साली आपलं सुप्रसिद्ध टिपण लिहिलं आणि हिंदुस्थानात इंग्रजी शिक्षणाची दारं उघडली. त्यात त्यानं प्रामाणिकपणे कबूल केलं आहे, की आपल्याला संस्कृतही येत नाही आणि अरबीही येत नाही. नामांकित ग्रंथांची भाषांतरं तेवढी वाचली आहेत. आणि एवढ्या भांडवलावर त्यानं दोन्ही साहित्यांचा निकाल लावला. मूळ पुस्तक न उघडता, तयार भाषांतरावरून, ठाम मत. हे वाचलं तेव्हा मला गहिवरून आलं. त्याला हवे होते तसे साहेब आम्ही झालो नाही, पण त्याची पद्धत कुरखेड्यात जशीच्या तशी चालू आहे.

शिवाय गोऱ्यांनी स्वतःसाठीही गाईडं काढलीच होती. चार्ल्स लँब आणि त्याची बहीण मेरी यांनी १८०७ साली शेक्सपिअरच्या नाटकांच्या गोष्टी करून ठेवल्या. विनोदी नाटकं बहुतेक बहिणीनं केली, आणि पहिल्या आवृत्तीवर नाव फक्त भावाचं होतं. त्याच वर्षी वर्ड्सवर्थनं डॅफोडिल्सची कविता छापली. तिची हकीकत आणखी मजेची. ती फुलं त्यानं १५ एप्रिल १८०२ रोजी एका सरोवराच्या काठी पाहिली, तेव्हा त्याची बहीण डोरोथी सोबत होती. तिनं त्या दिवसाच्या नोंदीत सगळं लिहिलं: फुलं कशी डोलत होती, वारा कसा होता. भावानं दोनेक वर्षांनी कविता केली आणि आपण एकटेच भटकत होतो असं सांगून मोकळा झाला. म्हणजे नोट्स बहिणीच्या आणि पेपर भावाचा. आमच्या वर्गात हे कोणी सांगितलंच नाही, नाहीतर वर्ड्सवर्थ आम्हाला कितीतरी जवळचा वाटला असता. माझ्याही सगळ्या नोट्स कोणा ताईच्याच होत्या.

डॅफोडिल मात्र कोणी पाहिलेलं नव्हतं. सरांनीही नव्हतं, त्यांनी ते 'पिवळं, साधारण कन्हेरीसारखं' असं उरकून टाकलं. कवीनं एका नजरेत दहा हजार फुलं मोजली यावर मात्र वर्गात चर्चा झाली. तेंदूपत्त्याच्या फडीवर आम्ही सगळेच मे महिन्यात गेलेलो. सत्तर पानांचा एक पुडा, हजार पुड्यांचं एक पोतं, आणि पुड्यात पानं कमी आहेत हे न सोडता ओळखणारा मुंशी. एका नजरेत दहा हजार मोजतो म्हणजे हा फडीवरचा माणूस दिसतो, असं आमचं एकमत झालं. फक्त तो कुणाच्या बाजूनं मोजतो, एवढाच प्रश्न उरला.

मिल्टनच्या वेळी गोष्ट हाताबाहेर गेली. 'पॅराडाइज लॉस्ट' १६६७ सालचं, सर एकोणीसशे कितीचे ते माहीत नाही, पण दोघंही सारखेच गंभीर. देवानं एक झाड सोडून बाकी सगळं खायला सांगितलं होतं, सैतान सापाचं रूप घेऊन आला, इथपर्यंत वर्ग निवांत होता. मग सर आवाज खाली आणून म्हणाले, "आणि तिथंच ईव्हला मोह आवरला नाही."

मार्च संपत आला होता. खिडकीबाहेरून तोच वास येत होता. मागून आवाज आला, "सर, मोह आवरत नसते जी. येचते."

सर थांबले. वास्तविक चूक कोणाचीच नव्हती. पुस्तकातल्या मराठीत मोह होतो. आमच्याकडे तो पहाटे पडतो, आणि बायामाणसं टोपल्या घेऊन अंधारातच झाडाखाली जातात. एखादीला पडलेला मोह दिसूनही तिनं तो उचलला नाही, तर देव नाही पण सासू नक्की हाकलून देईल. त्यामुळे ईव्हचा गुन्हा काय, हे वर्गाला शेवटपर्यंत पटलं नाही. झाड देवाचं होतं हा सरांचा मुद्दा एकीनं ऐकून घेतला आणि विचारलं, "म्हंजे फॉरेस्टचं होतं का जी?" यानंतर मात्र सगळ्यांना सगळं समजलं. जंगलातलं आणल्याबद्दल बेदखल झालेलं कुटुंब, हे काव्य मग कोणाला समजावून सांगावं लागलं नाही. मोहापासून पुढे काय बनतं, तेही मिल्टनला माहीत असतं तर काव्य वेगळं झालं असतं. पण १९९३ पासून आमच्या जिल्ह्यात दारूबंदी आहे, म्हणून तो भाग इथं सोडतो.

कॉलेजात असं, गावात त्याहून वाईट. इंग्रजी साहित्याचा विद्यार्थी म्हणजे गावातल्या सगळ्या इंग्रजीची जबाबदारी त्याच्यावर. बँकेचा मेसेज, युरियाच्या पोत्यावरची बारीक अक्षरं, मुंबईच्या कंपनीतून आलेलं भाच्याचं पत्र, सगळं माझ्याकडे. एकदा शेजारचे काका नव्या मोटारपंपाचं पुस्तक घेऊन आले. "तू इंग्रजीत सिकतेस ना गा? मंग सांग, हे वायर कोठी लावू?" मी पुस्तक उघडलं. त्यात रूपक नव्हतं, प्रतिमा नव्हती, निवेदकाच्या विश्वासार्हतेचा प्रश्नही नव्हता. तीन वायर होते आणि त्यांचे रंग होते. मी बराच वेळ पानं उलटली. शेवटी काकांच्या सातवीतल्या नातवानं चित्र पाहून वायर जोडले. बांधीत पानी पडलं. काका जाताना काही बोलले नाहीत, पण माझ्या बापाला त्या संध्याकाळी भेटून आले.

औषधाच्या बाटलीवरचं वाचायलाही लोक माझ्याकडेच यायचे. त्यातही गंमत अशी, की जॉन कीट्स जर आमच्या गावात असता तर त्यानं ते झटक्यात वाचून दिलं असतं. तो औषधांचं रीतसर शिक्षण घेऊन १८१६ साली परीक्षा पास झालेला माणूस. पण आम्ही त्याचं नेमकं तेवढंच सोडून बाकीचं पाठ केलं होतं: सौंदर्यदृष्टी, पक्षी, आणि पंचविसाव्या वर्षी क्षयानं मृत्यू. हे उत्तर मी ओसरीवर मोठ्यानं पाठ करत होतो तेव्हा गावच्या आशाताई रजिस्टर घेऊन दारात उभ्या होत्या.

"कोन गेला जी टीबीनं?"

"कीट्स. १८२१ मध्ये."

त्यांनी साल ऐकलं नसावं. "गोऱ्या पूर्न नाही खाल्ल्या का त्यानं?"

आमच्याकडे गोळीला गोरी म्हणतात, हे वर सांगायचं राहिलं. गोऱ्यानं गोऱ्या खाल्ल्या नाहीत, कारण त्या निघायलाच शंभराहून अधिक वर्षं होती, असं मी त्यांना सांगितलं. त्यांचा विश्वास बसला नाही. गोऱ्या मध्येच सोडणारे सगळे असलंच काहीतरी सांगतात. मग मी एमिली ब्राँटी १८४८ साली आणि तिची बहीण ॲन १८४९ साली त्याच रोगानं गेल्याचंही सांगितलं. एका घरातल्या दोघी, हे ऐकल्यावर त्यांचा चेहरा बदलला. "घरातल्या बाकीच्यांची थुंकी तपासली का?" साहित्याच्या इतिहासाला विचारलेला इतका सरळ प्रश्न मी त्यानंतर ऐकलेला नाही. मला पेपरात त्या उत्तराला सहा मार्क मिळाले. आशाताईंनी ते लिहिलं असतं तर जास्त मिळाले असते.

नाटकाच्या बाबतीत मात्र आम्ही कोणाचे उधार नाही. दिवाळी झाली, मंडया भरल्या, की झाडीपट्टीची नाटकं सुरू होतात ती होळीपर्यंत. वडशाला कंपन्या, भिंतीभिंतीवर पोस्टर, आणि रात्री दहाला म्हटलेलं नाटक साडेअकराला सुरू होऊन कोंबडं आरवेपर्यंत. पाहुणे नाटकाला येतात, पोरी बघून जातात, भांडणं मिटवून जातात. हिवाळी परीक्षा नेमकी यातच येते. रात्री मंडपात आणि सकाळी मॅकबेथवर, असा माझा दिनक्रम होता. दोन्हीकडे झोप लागायची, पण मंडपात लोक जागं करायचे.

शेक्सपिअर शिकवताना सर सांगत, की ग्लोब थिएटरात एक पेनी देऊन गरीब लोक समोर जमिनीवर उभे राहून नाटक बघत, ओरडत, खात, नटांना उत्तरं देत. हे ते इतक्या नवलानं सांगत की आम्हाला सरांचंच नवल वाटे. आमच्याकडे निदान बसायला तरी मिळतं. १५९९ साली ग्लोब बांधताना जुन्या नाटकघराची लाकडं उचलून नदीपलीकडे नेली होती, हेही आम्हाला विशेष वाटलं नाही; मंडपाचे डांब एका गावाहून दुसऱ्या गावाला जातातच. १६१३ साली नाटकात तोफ उडवली, छपराला आग लागली आणि अख्खं थिएटर जळालं. त्यात एका माणसाच्या चड्डीनं पेट घेतला, ती त्यानं हातातल्या बिअरनं विझवली म्हणतात. आमच्या जिल्ह्यात त्या माणसाचं कठीण होतं.

'मॅकबेथ'मध्ये राजाचा खून झाल्याबरोबर एक झिंगलेला दरवान येऊन बडबड करतो. याला कॉमिक रिलीफ म्हणतात, आणि तो तिथं का घातला आहे यावर गाईडात अडीच पानं आहेत. मी ती तीनदा वाचली. मग त्या हिवाळ्यात एका नाटकात नायकाचा बाप मेला, सगळा मंडप रडत होता, आणि विनोदी नट लुगड्याचा बोळा छातीशी धरून आत शिरला. माझ्या शेजारची म्हातारी डोळे पुसता पुसता हसायला लागली, आणि हसता हसता पुन्हा रडायला लागली. अडीच पानं मी तिथंच सोडून दिली. आमच्या कुरखेडा तालुक्यातल्या गुरनोलीचे परशुराम खुणे यांनी हे काम पाच हजारांवर प्रयोगांत केलं. २०२३ साली त्यांना पद्मश्री मिळाली तेव्हा मला पहिल्यांदा तो दरवान आठवला. दरवानाची ती भूमिका गुरनोलीहून कोणी करून दाखवली असती, तर इंग्लंडात त्यावर एवढे वाद झाले नसते.

राहता राहिला 'हॅम्लेट'. या नावावर आमच्याकडे तिकीट खपणार नाही. आगरकरांना हे ठाऊक असावं. त्यांनी १८८३ साली त्याचं 'विकारविलसित' केलं. वडशाच्या पोस्टरसाठी तेही जड आहे. आम्ही मित्रांनी बस स्टँडवर बसून त्याला नाव दिलं होतं: 'कुंकू पुसलं काकानं, कुंकू लावलं काकानं'. यात कथानक आलं, कारुण्य आलं, आणि काका कोण याची उत्सुकताही आली. असं नाव देता येतं का, हा मला अजूनही कोणत्याही नाटकाच्या आकलनाचा बरा पेपर वाटतो. एलियटच्या 'द वेस्ट लँड'ला आम्ही नाव देऊ शकलो नाही. त्यानं त्यात एप्रिलला नावं ठेवली आहेत एवढंच लक्षात राहिलं. एप्रिलमध्ये आमच्याकडे घरात मोह वाळत असतो, हातात चार पैसे असतात. नावं ठेवायचीच होती तर त्यानं मे महिन्यात दुपारी दोनला वडशाच्या बस स्टँडवर यायला पाहिजे होतं.

एवढ्या सगळ्या हसण्यात एकदाच वर्ग गप्प झाला. त्या 'एस'च्या कादंबरीत घरचा एकुलता घोडा डाकगाडीला धडकून मरतो, तिच्या डुलकीपायी. सर पुढे जाऊ लागले. कोणी पान उलटलं नाही. आमच्यातल्या तिघांच्या घरचे बैल गेलेले होते, एकाचा तर ऐन रोवणीत. मागच्या बाकावरून कोणीतरी हळूच विचारलं, "मंग नांगरलं कायनं?" घोडा नांगराचा नव्हता, गाडीचा होता, असं सरांनी सांगितलं. पण त्या दिवशी गाईड कोणी उघडलं नाही.

आम्ही शिकत होतो तेव्हा नागपूर विद्यापीठातून फुटून गोंडवाना विद्यापीठ नुकतंच, २०११ साली, निघालं होतं. परीक्षेसाठी नागपूरकडे बघायचं काम संपलं. गडचिरोली निदान आपल्याच जिल्ह्यात. मला यात समाधान वेगळंच होतं. ऑक्सफर्डात इंग्रजी साहित्याचा स्वतंत्र विभाग १८९४ साली सुरू झाला. त्याच्या कितीतरी आधी, १८५७ साली, मुंबई विद्यापीठ निघालं होतं, आणि खुद्द ऑक्सफर्डला हा परीक्षेचा विषय वाटायच्या आत आपल्या पोरांना इंग्रजीत नापास करून त्यानं घरी पाठवायला सुरुवातही केली होती. तेव्हा या विषयात नापास होण्याचा मान आपला जुना आहे. गडचिरोलीनं तो जरा उशिरा पण जोमानं पुढे चालवला.

आता मी तोच विषय शिकवतो, जिल्ह्यातल्याच एका कॉलेजात, तासिका तत्त्वावर. तास झाला तर मी प्राध्यापक, नाही झाला तर शेतकरी. २०२१ च्या ऑक्टोबरात छत्तीसगडमधून रानटी हत्तींचा कळप आमच्या जिल्ह्यात आला, आणि पुढे कुरखेडा, कोरची, वडशाकडच्या जंगलात फिरत राहिला. धान उभा असताना. नंतरच्याच वर्षी मी वर्गात ऑर्वेलचा १९३६ सालचा निबंध घेतला. तो बर्मात पोलीस अधिकारी होता, एक पाळीव हत्ती बिथरून गावात शिरला, त्यानं एका माणसाला मारलं, आणि ऑर्वेलनं त्याला गोळी घातली. मी साम्राज्यवाद, विवेक वगैरे फळ्यावर लिहिलं. वर्गानं उतरवून घेतलं. मग प्रश्न आले. झोपड्यांचा पंचनामा झाला का? मेलेल्याच्या घरी पैसे मिळाले का? हत्ती शांत झाला होता तर टॉर्च नि फटाके घेऊन माणसं का नाही लावली? ऑर्वेल फॉरेस्टचा होता की पोलिसांचा, हे नक्की करा सर, म्हणजे अर्ज कोणाकडे करायचा ते समजेल.

महिन्यानं चाचणी घेतली. ऑर्वेलनं हत्तीला गोळी का घातली, दहा मार्क. बावीस पेपरांत साम्राज्यवाद होता, माझ्याच अक्षरातल्या चुकांसकट. तेविसाव्यात एका मुलीनं लिहिलं होतं, मोडक्या इंग्रजीत, की मागं दोन हजार माणसं उभी होती आणि सगळी त्याच्याकडेच बघत होती म्हणून. आमच्या गावातही हत्ती आला तेव्हा सगळे फॉरेस्टच्या गार्डकडे असंच बघत होते, त्याच्याजवळ बंदूक नव्हती, म्हणून तो वाचला. हत्ती की गार्ड, ते वाक्यावरून कळत नव्हतं.

गाईडात हे उत्तर नव्हतं. मी पेपर बाजूला ठेवला, चहा केला, परत वाचला आणि सात दिले.

दुसऱ्या दिवशी ती दारात. "सर, तीन कायचे कापले जी?"

मी पेपर पुन्हा पाहिला. मला काहीतरी सांगणं भाग होतं. 'फॉरेस्ट' या शब्दात तिनं दोन 'आर' घातले होते. इंग्रजीत एकच असतो, मी म्हटलं.

"एकच?" ती म्हणाली, आणि माझ्याकडे अशी बघत राहिली की बिचाऱ्या इंग्रजांचं कसं भागत असेल.